एकटीचे गेम आणि सोबतीचे गेम

सोबत कुणी नसताना गेम खेळणाऱ्याकडे लोक जरा कीव आल्यासारखं बघतात. "कुणी ऑनलाइन नाही का आज?" मला हा प्रश्नच पटत नाही. मी को-ऑपही (म्हणजे एकमेकांच्या साथीने खेळायचे गेम) खेळते आणि सिंगल प्लेअरही, दोन्ही स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेऊन, दोन्ही मनापासून. आणि या दोन्हींतून जे मिळतं ते इतकं वेगळं आहे की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते 'पोर्टल २'मध्ये. व्हॉल्व्हचा २०११चा गेम. त्यात एकट्याची कथा वेगळी आणि दोघांची वेगळी. एकट्याच्या कथेत चेल ही नायिका एका अजस्र प्रयोगशाळेत अडकलेली असते आणि अख्ख्या गेममध्ये ती एक अक्षरही बोलत नाही. यंत्रं बडबडत राहतात आणि आपण गप्प राहून वाट शोधतो. को-ऑपमध्ये मात्र अ‍ॅटलस आणि पी-बॉडी असे दोन रोबो येतात. पोर्टल म्हणजे भिंतीत काढायची दारं, एकातून शिरलं की जोडीच्या दुसऱ्यातून बाहेर. प्रत्येकाकडे स्वतःची अशी जोडी, म्हणजे एकाच खोलीत चार तोंडं उघडता येतात. तिथली कोडी एकट्या माणसाच्या आवाक्यातलीच नाहीत. एकजण बटणावर उभा राहिला तरच दुसऱ्यापुढचं दार उघडतं. कुणी खाली पडलं, चिरडलं गेलं, तर रोबो लगेच नव्याने जोडून मिळतो, त्यामुळे चुकायची धास्ती वाटत नाही. एकट्याच्या गेममध्ये नुसता दुसरा खेळाडू सोडला असता तर काम कमी झालं असतं. पण बनवणाऱ्यांनी को-ऑपसाठी कोडी मुळापासून नवी रचली, म्हणून तो गेम मला इतका मोठा वाटतो.

त्यातली एक सोय मला विशेष आवडते. समोरच्याला जिथे पोर्टल काढायला सांगायचंय तिथे खूण करता येते, आणि 'तीन, दोन, एक' अशी मोजणीही दोघांच्या स्क्रीनवर दाखवता येते. माईकची गरज नाही, एक भाषा येण्याचीही गरज नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळताना मी माईक बंद ठेवते. का ते बऱ्याच मुलींना सांगावं लागणार नाही. ज्या गेममध्ये खुणांची सोय नीट केलेली असते तिथे मी बिनधास्त कुणाच्याही टीममध्ये शिरते. जिथे नसते तिथे फक्त ओळखीच्यांबरोबर खेळते. मला वाटतं, को-ऑप गेम बनवणाऱ्यांना आपल्या खेळाडूंची किती कदर आहे ते या एका गोष्टीवरून कळतं.

याबाबतीत 'डीप रॉक गॅलॅक्टिक'ला तोड नाही. डेन्मार्कच्या घोस्ट शिप गेम्सचा हा गेम, पूर्ण स्वरूपात २०२० साली आला. चार बुटके खाणकामगार परग्रहाच्या पोटात उतरतात, खनिज काढतात आणि किड्यांच्या झुंडींशी लढत परत येतात. इथे प्रत्येकाच्या हातातलं सामान दुसऱ्यावाचून अर्धवट आहे. स्काउट हुकाच्या दोरीने गुहेच्या छताजवळ पोचतो, पण तिथे त्याला उभं राहायला जागा नसते. मग इंजिनिअर खालून नेम धरून खनिजाखाली एक फळी चिकटवतो आणि स्काउट तिच्यावर उतरतो. अंधारात दूरवर उजेड पाडणारी फ्लेअर गन असते ती स्काउटकडेच. गनर दरीवर झिपलाइन बांधतो. परतीची घाई असते तेव्हा ड्रिलर सरळ रेषेत बोगदा काढून सगळ्यांना यानापर्यंत नेतो. कुणी खनिजावर खूण केली आणि न बोलता कुणीतरी तिथे फळी मारली, की मला जो आनंद होतो तो जिंकण्याच्या आनंदापेक्षा मोठा आहे. एक बटण दाबलं की आपला बुटका 'रॉक अँड स्टोन' असं ओरडतो. खेळाच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य, तरी सगळे ते दाबतात, आणि एकाने आरोळी दिली की बाकीचे तिला साथ देतात.

ज्यांनी कधीच गेम खेळलेला नाही अशा माणसाबरोबर सुरुवात करायची असेल तर 'इट टेक्स टू' घ्या. २०२१चा गेम, त्या वर्षी गेम ऑफ द इयर ठरला. एकट्याने तो खेळताच येत नाही. एका टप्प्यावर एकाकडे खिळे असतात आणि दुसरीकडे हातोडा. त्याने भिंतीत खिळा मारायचा, तिने त्याला लटकून झोका घेत पलीकडे जायचं. गोष्टीतला उपदेश मला जड जातो, ते बोलणारं पुस्तक तर फारच. पण दोन माणसांना एकमेकांची गरज पडेल असे इतके वेगवेगळे प्रसंग त्यांनी रचलेत की हात जोडावेत. शिवाय 'फ्रेंड्स पास'मुळे दोघांत एकानेच विकत घेतला तरी चालतो.

आता एकटीच्या गेमांबद्दल.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा लुकास पोपचा २०१८चा गेम. बेपत्ता झालेलं एक जहाज १८०७ साली परत येतं, त्यावर जिवंत माणूस नाही. ईस्ट इंडिया कंपनीची विमा निरीक्षक म्हणून आपण चढायचं आणि साठ माणसांपैकी प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, ते वहीत नोंदवायचं. हाताशी असते ती मृत्यूच्या क्षणाची गोठलेली दृश्यं आणि त्याआधीचे थोडे आवाज. कोण कुठल्या बोलीत बोलतो, कुणाचे कपडे कसले, कोण कुणाच्या शेजारी उभा आहे, एवढ्यावरून ओळख पटवायची. गंमत म्हणजे गेम प्रत्येक उत्तर तपासत नाही. तीन माणसांच्या नोंदी अचूक झाल्या की मगच त्या पक्क्या होतात, त्यामुळे अंदाजाने ठोकून देणं फारसं जमत नाही. आपल्याला खरंच कळलंय की नाही ते आपणच ठरवायचं. अशा वेळी शेजारी बसून कुणी "अगं, तो बघ ना डावीकडचा" म्हणालं की त्या माणसाचा शोध आपल्या हातून गेला. तो परत मिळत नाही.

'आउटर वाइल्ड्स'चंही तसंच. २०१९चा गेम. नवं हत्यार नाही, वाढीव ताकद नाही, पुढे नेतं ते फक्त आपल्याला कळलेलं. म्हणून तो खऱ्या अर्थाने एकदाच खेळता येतो, आणि मी इथे याहून एक शब्दही जास्त सांगणार नाही. असे गेम खेळताना मी स्टीमवर स्टेटस 'इनव्हिजिबल' करते, म्हणजे मी ऑनलाइन आहे हे कुणाला दिसत नाही. मित्रांना राग येऊ नये, पुस्तक वाचतानाही आपण दार लोटून घेतोच की.

आणि एकच गेम सोबतीने कसा बदलतो ते बघायचं असेल तर 'स्टार्ड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला, २०१६ साली आला तेव्हा तो एकट्यानेच खेळायचा होता. मल्टिप्लेअर आलं २०१८मध्ये. एकटं खेळताना आपण सामानाची पिशवी उघडली की वेळ थांबते. सोबत खेळताना घड्याळ चालूच राहतं, आणि दिवस लवकर संपवायचा तर सगळ्यांनी झोपायला जावं लागतं. तेच शेत, तीच बियाणी, पण एकीकडे निवांतपणा आणि दुसरीकडे "लवकर झोप ना, मी थांबलेय" अशी लगबग. मला दोन्ही हवं असतं, म्हणून माझी दोन वेगळी शेतं आहेत.

थोडं व्यवहाराचं. स्टीमचं 'रिमोट प्ले टुगेदर' अजून पुष्कळांना माहीत नाही. एकाच सोफ्यावर बसून खेळायचे गेम त्यातून इंटरनेटवर खेळता येतात आणि गेम एकाकडेच असला तरी पुरतो. 'स्टीम फॅमिलीज'मध्ये सहा जणांची लायब्ररी एक होते, पण एकाच गेमची एकच प्रत असेल तर एका वेळी एकालाच खेळता येईल, म्हणजे को-ऑपला तिचा उपयोग नाही. खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. त्यामुळे चौघांनी घेतलेला गेम पहिल्याच संध्याकाळी कनेक्शन जमतंय का ते बघून घ्या.

ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो ती शेवटी सांगते. एकट्याने खेळायच्या गेमला सतत इंटरनेट लागणं. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ला बंद केला. सर्व्हर गेले, तसं एकट्याने गाडी फिरवणंही गेलं. लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम होता तो. त्यानंतर 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मी त्या मागणीच्या पूर्ण बाजूने आहे. सोबतीच्या गेमला सर्व्हर लागतो हे समजू शकते, तरी तो बंद करताना लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवायची मुभा द्यायला काय हरकत आहे? आणि एकट्याचा गेम तर वायर उपटली तरी चाललाच पाहिजे. यात मला कुठलीच मधली वाट मान्य नाही.

दोघांनी खेळायचे, पण घड्याळ मागे न लागणारे कोड्यांचे गेम तुम्हाला माहीत असतील तर नावं लिहा. माझी विशलिस्ट त्या बाजूने फार रिकामी आहे.