बोट शहरात लागत नाही

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, मे महिन्यात डॅन्यूबची क्रूझ करून गेला. पासाऊला बोटीत चढला, बुडापेस्टला उतरला, मधे एक दिवस व्हिएन्ना. घरी पोचून आठवडा झाला नसेल, आमच्या घरच्या ग्रुपवर कुलाब्याच्या जेट्टीवरून भांडण पेटलं. गेटवेवरची गर्दी कमी करायला रेडिओ क्लबजवळ नवी जेट्टी आणि टर्मिनल व्हायचंय, तिथले रहिवासी विरोधात कोर्टात गेले होते, तो विषय. अर्धा ग्रुप म्हणत होता जेट्टी तिथेच हवी, अर्धा म्हणत होता शहराबाहेर कुठेतरी न्या. त्यात दादाने लिहिलं, ‘‘परदेशात बोट थेट शहराच्या मध्यभागी लागते. उतरलं की समोर राजवाडा. आपल्याकडे धक्का एका टोकाला आणि गाव दुसऱ्या टोकाला. आपलं काही होणार नाही.’’ दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्याला अंगठे दिले.

मी सतरा वर्षं व्हिएन्नात राहते. दादाची बोट जिथे लागली तो धक्का माझ्या घरापासून मेट्रोची दोन स्टेशनं आहे. म्हणून सांगते, बोट शहरात लागत नाही.

ती लागते राइख्सब्र्युकेच्या पुलाजवळ, हांडेल्सकायला. उतरल्यावर समोर मालगाडीचा रूळ, मग वाहता रुंद रस्ता, मग चार-पाच मजली साध्या इमारती. राजवाडा नाही, ऑपेरा नाही. जवळची एकच देखणी गोष्ट म्हणजे मेक्सिकोप्लाट्झवरचं लाल कौलांच्या मनोऱ्यांचं चर्च. (1938 साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा मेक्सिकोने राष्ट्रसंघात निषेध नोंदवला होता, म्हणून 1956 मध्ये चौकाला ते नाव दिलं. क्रूझचे बहुतेक पाहुणे त्या चौकातून न थांबता पुढे जातात.) तिथून शहराच्या मध्यावरचं श्टेफान्सप्लाट्झ साडेतीन-चार किलोमीटर तरी आहे. काही बोटी तर आणखी वर, नुसडोर्फला लागतात. दादाला राजवाडा ‘समोर’ दिसला, कारण धक्क्याला कंपनीची बस उभी होती. बसच्या काचेतून शहर जवळच वाटतं.

आणि मुळात हे शहर डॅन्यूबच्या काठावर नाहीच. जुनं व्हिएन्ना नदीच्या एका फाट्यावर आहे, त्या फाट्याला आज डोनाउकनाल म्हणतात. मुख्य नदी दहा दिशांना पसरलेली, दर काही वर्षांनी पूर आणणारी. शहाणी माणसं तिच्यापासून लांबच राहिली. 1870 ते 1875 या पाच वर्षांत नदीला सरळ नवं पात्र खणून दिलं. त्या कामावर सुएझ कालवा खणलेली फ्रेंच कंपनी होती. म्हणजे ज्या कालव्यामुळे युरोपच्या आगबोटी मुंबईच्या जवळ आल्या, तो खणणाऱ्यांनीच दादाच्या बोटीची ही वाट खणली. पण वाट खणली तरी शहर उठून नदीकाठी आलं नाही. ते होतं तिथेच राहिलं.

मग दादाची तक्रार खोटी म्हणायची का? नाही. त्याला फरक जाणवला, तो खराच आहे. फक्त तो अंतरात नाही.

1 ऑगस्ट 1976 ला, रविवारी पहाटे, जुना राइख्सब्र्युके नदीत कोसळला. रविवार आणि पहाट, म्हणून एकाच माणसाचा जीव गेला. इथले वयस्कर लोक आजही तो दिवस कुठे होतो, काय करत होतो, ते सांगतात. नोव्हेंबर 1980 मध्ये नवा पूल खुला झाला, आणि तो बांधताना त्याच्या पोटातून मेट्रोची वाट काढून ठेवली होती. 1982 मध्ये यू-वन ही मेट्रो त्यातून नदी ओलांडून कागरानपर्यंत गेली. आज बोटीतून उतरणारा माणूस पाच-दहा मिनिटं चालतो, फोर्गार्टनश्ट्रासेला यू-वन पकडतो, आणि प्राटरश्टेर्न, नेस्ट्रॉयप्लाट्झ, श्वेडनप्लाट्झ करत चौथ्या स्टेशनला श्टेफान्सप्लाट्झला बाहेर येतो. बोट धक्क्याला लागल्यापासून अर्धा तास पुरतो.

पण ती मेट्रो क्रूझवाल्यांसाठी बांधली नाही. ती नदीपलीकडच्या लोकांसाठी बांधली, म्हणजे आमच्यासाठी. कागरान, कायझरम्यूलन, लेओपोल्डाउ इथून रोज सकाळी कामाला जाणाऱ्या माणसांसाठी. पाहुण्याला ती फुकटात मिळाली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ग्रुपवर ते धड मांडता आलं नाही म्हणून इथे लिहितेय. रोज येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी वाट करा, पाहुणा त्याच वाटेने पोचतो. आपल्याकडे जेट्टीचा विषय निघाला की पर्यटन, क्रूझ, मरिना, सेल्फी पॉइंट हेच बोललं जातं. वर्षाचे बारा महिने लाँचने नोकरीला जाणारा माणूस त्या चर्चेत नसतोच.

मला हे लागतं, कारण मी त्या लाँचने गेलेली आहे.

मी उरणची. 1996 ते 1999 अशी तीन वर्षं उरणचं मोरा बंदर ते मुंबईचा भाऊचा धक्का रोज. बंदर गाठायचं, लाँचमध्ये पाऊण-एक तास, मग धक्क्यावरून डॉकयार्ड रोड स्टेशन, मग हार्बर लाइनने व्हीटी, मग फोर्टातलं कॉलेज. धक्का ते डॉकयार्ड रोड हे अंतर हांडेल्सकाय ते फोर्गार्टनश्ट्रासेपेक्षा जास्त असलं तरी चालण्यासारखंच आहे. पण त्या अंतरात काय असायचं! बर्फाच्या लाद्या ओढणाऱ्या हातगाड्या, मासळीचं पाणी, ट्रकांची रांग, शेअर टॅक्सीवाल्याचं ‘‘चौथी सीट भरू दे’’. चपला हातात घेऊन मी कितीदा तो रस्ता पार केला आहे. लाँचचं तिकीट वेगळं, बसचं वेगळं, लोकलचा पास वेगळा. 1841 साली भाऊ अजिंक्यांनी तो धक्का बांधला. बोटीतून माणूस कोरड्या पायांनी उतरावा ही केवढी मोठी गोष्ट त्यांनी केली. उतरल्यावर तो माणूस पुढे कसा जाणार, हे त्यांच्यानंतर दीडशे वर्षांत कुणी तितक्या आस्थेने पाहिल्याचं माझ्या वाट्याला तरी आलं नाही.

आणि ओहोटी. मोऱ्याला गाळ इतका, की ओहोटीला लाँच धक्क्याला लागायची नाही. समोर गाव दिसतंय, मशिदीचा मनोरा दिसतोय, ओळखीची माणसं दिसतायत आणि लाँच पाण्यात थांबलेली. परीक्षेच्या दिवसांत मी भरती-ओहोटीचं गणित वहीच्या मागे लिहून ठेवायची. पावसाळ्यात गेटवेच्या मांडवा बोटी बंद होतात, ते बातमीत येतं. मोऱ्याची लाँच पावसातही चालू असते, वाढलेलं भाडं देऊन माणसं तीत बसतात, ते कुणाला सांगावंसं वाटत नाही.

म्हणून दादाने ‘आपल्याकडे’ असं लिहिलं तेव्हा मला राग आला. तो माझ्याच घरात वाढला, पण तो ती लाँच रोज चढला नाही. त्याला कॉलेज पनवेलला मिळालं. ‘आपल्याकडे’ काय आहे हे बोटीच्या डेकवरून सांगायचा अधिकार त्याला कुणी दिला, असं मी लिहिलं आणि मग खोडलं. कारण तोच प्रश्न त्याने मला विचारला असता. मी तर तिथे राहतच नाही.

शिवाय मीही माझ्या सोयीची तुलना करतेय, हे मला कळतं. व्हिएन्नात बोटीने कामाला कुणीही जात नाही. श्वेडनप्लाट्झहून ब्रातिस्लावाला बोट जाते, तीही हौसेची. नदीवर रोजच्या माणसाची एकही बोट नसलेल्या शहराने मुंबईला धक्क्यांचे धडे द्यावेत हे न्यायाचं नाही. मांडव्याला उतरणाऱ्याला बोटीच्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस मिळते, ही सोय मी लहानपणापासून पाहिली. मी इथे एका तिकिटाचं कौतुक करते तेव्हा मांडव्याची ती बस विसरते. 2012 पासून कित्येक वर्षं इथे यारेसकार्टे, म्हणजे वर्षाचा पास, 365 युरोंना होतं, दिवसाला एक युरो, हे मी भारतातल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आले. मांडव्याची गोष्ट इथल्या एकालाही सांगितली नाही. का नाही सांगितली, याचं उत्तर मला नीट देता येत नाही. इथलं सांगताना मी इथली होते, असं काहीतरी असावं.

त्या दिवशीचंच सांगते. दादाची बोट सकाळी लागली. दादा आणि वहिनी ग्रुपबरोबर शोनब्रूनला गेले. काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, त्या म्हणाल्या, ‘‘मला राजवाडा नको, मला हिच्याबरोबर सोडा.’’ मी नऊला धक्क्यावर होते. खिशात त्यांच्यासाठी काढलेलं तिकीट होतं. मनात सगळा बेत तयार: फोर्गार्टनश्ट्रासेची लिफ्ट, चौथं स्टेशन, श्टेफान्सप्लाट्झला बाहेर आल्यावर एकदम समोर येणारं कॅथेड्रल. तो क्षण मी पाहुण्यांना नेहमी देते. माणसाचा चेहरा बदलतो आणि मला वाटतं, हे मी दिलं.

काकू रस्ता ओलांडता ओलांडता म्हणाल्या, ‘‘तुझं घर कुठे?’’

मी नदीच्या पलीकडे बोट दाखवलं. उंच इमारती दिसतात ना, त्यांच्या मागे. कायझरम्यूलन.

त्या थांबल्या. पुलाकडे पाहिलं, मग पलीकडे. म्हणाल्या, ‘‘म्हणजे इथेही तू मोऱ्यालाच राहतेस.’’

मला एकदम काही बोलता आलं नाही. इथे आल्यावर पहिली जागा मी भाडं कमी म्हणून पलीकडे घेतली, असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंही आहे. पण नंतर पगार वाढला, अलीकडे येता आलं असतं, आले नाही. ऑफिसातली एक जण, जन्माची आठव्या बेत्सिर्कची, म्हणजे जुन्या शहरालगतच्या वॉर्डातली, मला अजून विचारते, ‘‘तिकडून यायला किती वेळ लागतो?’’ सतरा मिनिटं लागतात. फोर्टातल्या कॉलेजात मुली हाच प्रश्न याच स्वरात विचारायच्या. मी तेव्हा वेळ कमी करून सांगायची. आताही सांगते.

आम्ही श्टेफान्सप्लाट्झच्या बाजूची गाडी सोडली आणि लेओपोल्डाउच्या गाडीत चढलो. डोनाउइन्झेल, कायझरम्यूलन. घरी गेल्यावर काकूंनी पर्समधून तीन पिशव्यांत गुंडाळलेली सुक्या जवळ्याची पुडी काढली. आठवडाभर बोटीच्या केबिनमध्ये लपवलेली, वहिनीला कळू न देता. माझ्या स्वयंपाकघराला भाऊच्या धक्क्याचा वास आला. त्यांनी कांदा चिरला, मी जवळा भाजून घेतला. बाराला धक्क्यावर परत पोचायचं होतं, त्यामुळे फार बोलणंही झालं नाही. त्यांनी गॅलरीतून बराच वेळ आल्टे डोनाउकडे पाहिलं. नदीचं मूळ पात्र तेच. 1875 नंतर वाहणं थांबलं आणि त्याचं तळं झालं. ‘‘इथे भरती येते का?’’ त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर, ‘‘मग बरं आहे,’’ म्हणाल्या, पण त्यांना ते फारसं आवडलं नसावं.

काकूंनी श्टेफान्सप्लाट्झ पाहिलंच नाही. दादाला वाटतं मी त्यांना शहर दाखवलं नाही, आणि ग्रुपवर त्याने जे लिहिलं त्यात थोडा तोही राग असेल.

रेडिओ क्लबजवळ जेट्टी व्हावी की नाही, याबद्दल माझं मत विचाराल तर व्हावी. पण पहिल्या दिवसापासून तिथून चर्चगेटला आणि सीएसएमटीला बस हवी, तीही बोटीच्या तिकिटावर. आणि त्याआधी भाऊच्या धक्क्यापासून डॉकयार्ड रोडपर्यंत चपला न काढता चालता येईल असा पदपथ हवा. मोऱ्याचा गाळ काढायला हवा. मोऱ्याच्या रो-रो (गाड्याही नेणाऱ्या बोटींच्या) जेट्टीचं कितीतरी वर्षं ऐकतेय, ती पूर्ण व्हायला हवी. मत देण्याचा हक्क मला किती आहे ते माहीत नाही, पण हे मत मी लाँचच्या बाकावर तीन वर्षं बसून कमावलं आहे, यारेसकार्टेवर नाही.

मी डिसेंबरात येतेय. दादाने ग्रुपवर लिहिलंय की तो गाडी घेऊन येईल, अटल सेतूवरून तासाभरात घरी. जानेवारी 2024 पासून उरणला लोकलही येते, तिनेही येता येईल. मी लिहिलं की सामान गाडीतून जाऊ दे, मी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येईन. दादाने त्यावर काही उत्तर दिलं नाही.

काकूंनी मला वेगळा मेसेज पाठवला. त्यात त्या दिवसाची भरतीची वेळ होती, आणि खाली, ‘‘तिच्या आत नीघ, नाहीतर बाहेर उभी राहशील.’’