आधी हाताने तपासणी, मग एमआरआय

मनगट मुरगळल्यानंतर दुखणं थांबत नसेल तर थेट एमआरआय करा, असा तुमच्या मनगटदुखीवरच्या लेखाचा सूर आहे. तो पटला नाही. वय वाढलं की काहीही त्रास नसताना मनगटाच्या करंगळीकडच्या कूर्चेत (टीएफसीसी) एमआरआयवर झीज किंवा फाट दिसू शकते. दुखतंय ते तिथूनच का, हे बोट ठेवल्यावरच कळतं. करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर आलेलं असतं, त्याचं टोक आणि तळहाताकडची जाड कंडरा यांच्यामध्ये एक मऊ खळगा लागतो. तिथे दाबताच पेशंट ‘हेच, हेच!’ म्हणत हात ओढून घेतो, तेव्हा टीएफसीसीच्या दुखापतीचा संशय बळावतो. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठताना तीच कळ आली तर आणखीच.

वॉटसन टेस्टबद्दल, म्हणजे अंगठ्याकडच्या बाजूच्या हाताने करायच्या तपासणीबद्दल, लेखात एकच ओळ आहे. स्कॅफॉइड (मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड) तळहाताच्या बाजूने अंगठ्याने दाबून धरायचं, मनगट करंगळीकडून अंगठ्याकडे वळवायचं. दुखून ‘खट्’ झालं तर त्याला शेजारच्या हाडाशी बांधणारं लिगामेंट फाटल्याची शंका घ्यायची. पण दुसरा हात तपासल्याशिवाय नाही! मुळातच सैल सांधे असलेल्यांमध्ये दुखापत नसतानाही खट् होतं. दुसऱ्या हाताचा उल्लेखच लेखात नाही, तो कृपया घालावा.