टेस्टरवाले मामा

फ्लॅट विकायचा म्हणजे आधी एजंटाचं ऐकायचं, मग भिंतींना रंग मारायचा, मग येईल त्याला चहा पाजायचा. हे सगळं यथासांग झालं होतं. भाव जुळला होता. आणि परवा संध्याकाळी, टोकन द्यायला म्हणून, घेणारं जोडपं मामांना घेऊन आलं.

मामा नक्की कुणाचे हे मला अजून कळलेलं नाही. मुलगा त्यांना मामा म्हणत होता, मुलगीही म्हणत होती, आणि थोड्या वेळानं माझी बायकोसुद्धा "मामा, साखर चालते ना?" विचारू लागली. लोक पेन लावतात त्या खिशात त्यांचा टेस्टर होता. चपला काढता काढताच त्यांनी दाराशेजारचा बोर्ड उघडला.

"किटकॅट!"

"नको मामा, आत्ताच खाल्लंय," मुलगी म्हणाली.

"फ्यूज गं. चिनी मातीचा." असं म्हणून त्यांनी तो उपसलाच. हॉलमध्ये अंधार, आईची मालिका ऐन रडारडीत बंद.

"लाइट गेली का रे?" आतून आई.

"नाही आई, फ्लॅट विकतोय."

अंधारातच मामांनी वर्ग घेतला. एमसीबीचा खटका काय, लोड जास्त झाला की पडतो, शॉर्टसर्किट झालं की पडतो. माणसाला शॉक बसला तर त्याला त्याचं काही नसतं. ते काम आरसीसीबीचं. 30 मिलिअँपिअर करंट गळला की तो लाइन तोडतो. तुमच्याकडे एमसीबीसुद्धा नाही, आरसीसीबी तर राहूच द्या. "किती वर्षं राहताय इथं?"

"बरीच झाली."

"आणि घरातले सगळे..." वाक्य अर्धवट सोडून त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली. डोकी मोजत होते.

फ्यूज परत लागल्यावर पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब निघाला. फ्रिजच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला वायरी लावल्या, बल्ब लखलखला. फेज आणि अर्थिंगला लावल्या, बल्ब ढिम्म. मामांनी वायरी काढल्या, घडी घातली आणि निकाल दिला, "तिसरं भोक शोभेचं आहे."

मुलीनं फ्रिजकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिनं मला पहिल्यांदा 'काका' म्हटलं. "काका, वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट असेल ना? परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा?"

होता की! मीटर घेताना दिला होता, वीज कंपनीच्या कुठल्यातरी फायलीत पडला असेल. "तो तेव्हाचा," मामा म्हणाले. "आजचा?" आता, रजिस्ट्रेशनच्या वेळी तुमचा फोटो काढतात, अंगठा घेतात, स्टॅम्प ड्युटी भरली का बघतात. फ्रिजच्या अर्थिंगबद्दल तिथं कुणी चकार शब्द काढत नाही. पण हे मामांना सांगणार कोण?

मग कलिंगड घेताना वाजवतात तशी त्यांनी बाल्कनीची भिंत वाजवली. स्ट्रक्चरल ऑडिट? इमारत 15 वर्षांची झाली की दर 5 वर्षांनी, 30 वर्षांच्या पुढे दर 3 वर्षांनी. सोसायटीच्या उपविधींत आहे. जिन्यातल्या आगीच्या नळकांड्याचं फॉर्म बी, म्हणजे ते चालू असल्याचा दाखला? 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत. आमच्या जिन्यातल्या नळकांड्यावर पहिल्या मजल्याची छत्री वाळत होती.

आणि शेवटी, आवाज खाली आणून, "भोगवटा?"

नाही भोगवटा, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला. बांधकाम सुरू करायचा दाखला आहे, जोत्याचा आहे, त्यापुढे बिल्डरनं मंजूर नकाशात नसलेलं काहीबाही चढवलं आणि दाखला तिथंच अडकला. मामांना आनंद लपवता आला नाही. "मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीचा कायदा, 1963, कलम 3. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरनं ताबा द्यायचा नाही. आणि घेणाऱ्यानं घ्यायचाही नाही." 'घ्यायचाही'वर त्यांनी असा जोर दिला की मी माझ्याच सोफ्यावर जरा सावरून बसलो.

इथं मात्र माझं डोकं फिरलं, अजून फिरलेलंच आहे. 2016 चा रेरा कायदाही भोगवटा मिळवायची जबाबदारी बिल्डरवरच टाकतो. तो बिल्डर आज नव्या नावानं टॉवर बांधतोय, जाहिरातीत कारंजी उडवतोय. त्याला कुणी मामा भेटत नाही. घरपट्टी घेताना भोगवटा आहे का हे कुणी विचारत नाही, ती बिनबोभाट येते. विकायला निघालो की मात्र सगळ्या शहराला कायदा आठवतो.

मामांना तो का आठवला होता, ते चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर कळलं. त्यांनी टेस्टर ठेवला, पेन काढलं (ते आतल्या खिशात होतं) आणि प्रत्येक नसलेल्या कागदापुढे आकडा मांडला. वायरिंग इतके, अर्थिंग इतके, ऑडिट इतके. भोगवट्याचे सर्वांत जास्त, कारण बँक कर्जाला कां-कू करणार. बेरीज भावातून वजा. ज्या घरात मामांच्या मते आम्ही चुकून जिवंत आहोत, ते घर त्यांना हवंच होतं. फक्त स्वस्तात.

आवाज ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी डोकावले. त्यांना म्हटलं, निदान तुमची एनओसी तरी द्या. खरं तर उपविधी 38 प्रमाणे हस्तांतराला ती लागतच नाही.

"लागत नाहीच," सेक्रेटरी म्हणाले. "पण तुम्ही अर्ज करा."

"आणि ट्रान्सफर फी? महापालिका हद्दीत 25,000 च्या वर घेता येत नाही. 2001 चा सरकारी आदेश आहे," हे मी नाही, मामा बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मला ते आपले वाटले.

"अगदी बरोबर. पावती तेवढ्याचीच," सेक्रेटरी म्हणाले. "बाकीचे इमारत निधीला. स्वेच्छेनं."

"किती?"

"ते कमिटी ठरवेल."