वरीलप्रमाणे

खानदेशात लग्नाला न आल्याबद्दल दंड होतो, हे आम्हाला माहीत होतं. आल्याबद्दलही होतो, हे ताईमुळे कळलं. न येण्याचा दंड तोंडी असतो. पुढच्या प्रत्येक बारशाला, जावळाला, तेराव्याला 'तुम्ही काय बुवा, मोठी माणसं' हे ऐकून घेत तो हप्त्याहप्त्याने फेडायचा. ताईला झालेला दंड मात्र लेखी होता, आणि पौंडात होता.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. दाजी आणि ती इंग्लंडात असतात, दोन मुलं तिथल्या प्राथमिक शाळेत जातात. नोव्हेंबरच्या अखेरीस माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. ताईने रीतसर मुख्याध्यापिकेकडे रजा मागितली. बाई गोड बोलल्या, नवरा-नवरीला शुभेच्छाही दिल्या आणि रजा नाकारली. तिकडे 2013 पासून नियम असा आहे की, अपवादात्मक परिस्थिती असल्याशिवाय शाळा चालू असताना रजा द्यायची नाही. मावसभावाचं लग्न ही अपवादात्मक परिस्थिती आहे, हे ताईने पटवून पाहिलं. पण आमच्या मावश्या चार आणि मावसभाऊ डझनावारी. यात अपवाद कुठला, असं बाईंच्या जागी मलाही वाटलं असतं.

ताई तरीही आली. हळद झाली, मांडव झाला, लग्न लागलं, सत्यनारायण झाला. निघायच्या आधी मळ्यात भरीत पार्टी झाली. या भरताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खटला तिथेच बिघडला. इंग्लंडात शाळेचा दिवस दोन सत्रांचा धरतात, सकाळ एक आणि दुपार एक. शाळेच्या दहा आठवड्यांत अशी दहा सत्रं विनापरवानगी बुडाली की दंडाच्या नोटिशीचा विचार सुरू होतो. म्हणजे पाच दिवस. ताईची मुलं लग्नापायी चार दिवस बुडाली होती, पाचवा दिवस भरताचा. तुरीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. ताईने तीनदा वाढून घेतलं. जगातलं सर्वात महाग भरीत आपण खातोय, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

परत गेल्यावर नोटिसा आल्या. एक नाही, चार. कारण दंड मुलामागे तर असतोच, शिवाय आईला वेगळा आणि बापाला वेगळा. ऑगस्ट 2024 पासूनचा दर 160 पौंड, पण 21 दिवसांत भरला तर 80 वर भागतं. आपल्याकडे वीजबिल मुदतीआधी भरलं की सूट मिळते, तसाच प्रकार. दोन मुलं, दोन पालक, गुणिले 80. दाजींनी सूट पदरात पाडून घेतली आणि 320 पौंड भरून टाकले. आपल्या रुपयांत पस्तीस-चाळीस हजारांच्या आसपास. एवढ्यात आमच्याकडे आख्खी भरीत पार्टी होते, वाजंत्रीसकट.

हे सगळं मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आबा पडवीत अडकित्त्याने सुपारी कातरत होते. ते थांबले.

"पोऱ्या शाळामा गया नही म्हनीसन बापले दंड? मंग मना बापले ते फाशीच व्हती!"

आबांचं म्हणणं खोटं नाही. कापूस वेचणीला, पोळ्याला, कानबाईच्या रोटांना आणि आखाजीला आबा शाळेत गेले नाहीत. सारंगखेड्याच्या यात्रेला तर मास्तरच भेटले होते. उरलेल्या दिवसांत ते चौथी पास झाले आणि आता माझ्या मुलाच्या हजेरीबद्दल मला उपदेश करतात.

दंडापलीकडची पायरी ऐकून मात्र आबांची सुपारी तोंडातच राहिली. तीन वर्षांत दुसऱ्यांदा नोटीस आली तर सूटबीट काही नाही, सरळ 160. तिसऱ्यांदा नोटीसच येत नाही, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. तिथे अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 2002 मध्ये ऑक्सफर्डशरमधली एक आई मुली शाळेत जात नाहीत म्हणून खरोखर तुरुंगात गेली. आइल ऑफ वाइटवरच्या एका बापाने मुलीला शाळेच्या दिवसांत फ्लोरिडाला फिरायला नेलं, 120 पौंड दंड भरायला नकार दिला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. मुलीची हजेरी नव्वद टक्क्यांच्या वर होती. तरी 2017 मध्ये तो हरला. शाळेने ठरवलेल्या दिवशी यायचं म्हणजे यायचं, तुमचा सरासरीचा हिशोब तुमच्यापाशी ठेवा, असा निकालाचा मथितार्थ. नव्वद टक्के! आमच्या वर्गात एवढ्या हजेरीवर पेन बक्षीस मिळायचं.

जर्मनीची तर आणखी तऱ्हा. 2018 साली बव्हेरियात सुट्टी लागायच्या आधीच सहलीला निघालेली कुटुंबं पोलिसांनी विमानतळावर टिपली. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीच्या दोन दिवस आधी रात्रीच्या पुणे-जळगाव ट्रॅव्हल्सवर असा छापा घातला, तर अर्धी गाडी पाहिजे असलेल्या आरोपींची निघेल. ड्रायव्हरसुद्धा, कारण त्याची दोन पोरं केबिनमध्ये झोपलेली असतात.

मग मी, आपला देश किती सुखाचा, या भावनेने आपला कायदा वाचायला घेतला. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वर्षांची मुलं. त्यातलं कलम 8 वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, ही सक्ती सरकारवर आहे. कलम 10 मध्ये पालकाचं कर्तव्य सांगितलंय, मुलाला शाळेत घालावं एवढंच, आणि त्यापुढे शिक्षेची एक ओळही नाही. म्हणजे पोरगं शाळेत नसेल तर घाम सरकारला फुटायला हवा!

दंडाची कल्पना आपल्याला नवी नाही बरं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं आणि पोरं न धाडणाऱ्यांना दंड लावला. महाराज मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे आमचे शेजारीच. आमच्या भागातली पोरं शाळा सोडून कुठे हिंडतात, हे त्यांना नेमकं माहीत असणार. पुढे 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात तेच केलं, दंड महिन्याला एक रुपया. राजांनी जे बापाच्या मानेवर ठेवलं होतं, ते 2009 च्या कायद्याने सरकारच्या खांद्यावर ठेवलं.

ते बरोबरच केलं, असं माझं मत आहे. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत निघून जातात, पोराबाळांसकट. शिक्षक पटावरची नावं घेऊन पाड्यांवर फिरतात आणि दाराला कुलूप सापडतं. तिथे नोटीस चिकटवायची कुणाच्या नावाने, कुलपाच्या? 80 पौंडांची भाषा विमानाने येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजते. कोयता घेऊन ट्रकमध्ये चढणाऱ्याला दंड लावणारा साहेब मला बघायचा आहे, लांबून.

तर कायद्याच्या नजरेत मी मोकळा माणूस. ही मोकळीक रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांपर्यंत टिकते.

माझा मुलगा सहावीत, मुलगी दुसरीत. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारला लहान मुलांच्या झोपेची दया आली आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा आदेश निघाला. चौथीपर्यंतच. पाचवीत गेल्यावर झोप लागत नाही, असं काहीतरी संशोधन मंत्रालयात असावं. परिणामी एकाच घरातून एकाच शाळेत मला दोन पाळ्या कराव्या लागतात. एप्रिलमध्ये जळगावचा पारा पंचेचाळीसकडे सरकला की सगळीच शाळा सकाळची होते. मग दोन्ही कैदी एकाच वेळी हजर करायचे.

आमचं घर रुळांच्या अलीकडे, शाळा पलीकडे, आणि मधे भुसावळ-सुरत मार्गावरचं रेल्वे फाटक. मालगाडीला वेळापत्रक नसतं, पण माझ्या मुलाचं तिला पाठ आहे. तो दुसरा मोजा शोधायला लागला की ती मागच्या स्टेशनातून सुटते. त्यात नळाचा दिवस असेल तर पाणी भरल्याशिवाय घरातून कुणाची सुटका नाही. हंडे, बादल्या, टाकी, कूलर, शेवटी आबांचा तांब्या.

शाळेच्या फाटकावर पी.टी.चे सर उभे असतात. आता गंमत बघा. आमच्या वेळी उशीर झाला की छडी मिळायची, हिशोब जागच्या जागी मिटायचा. बापाला पत्ताही नसायचा. 2009 च्या कायद्याच्या कलम 17 ने मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घातली. उत्तम केलं, कुणाचीही तक्रार नाही. पण छळ कुठेतरी जिरावा लागतो. कलम 17 मध्ये फक्त मुलाचा उल्लेख आहे, बापाबद्दल कायदा गप्प आहे. हे आमच्या पी.टी.च्या सरांनी बरोबर वाचलेलं दिसतं.

"या साहेब," सर म्हणतात. मुलगा त्यांच्या काखेखालून हसत आत पळतो. त्याला कोण काय म्हणणार?

"मालगाडी होती सर."

"मालगाडी रोज असते."

"रोज असते सर."

"मग रोज लवकर निघा."

यावर उत्तर नाही. सर्वोच्च न्यायालयातही नसतं मिळालं. मग वॉचमनमामा उशिराची वही पुढे करतात. तारीख, विद्यार्थ्याचं नाव, उशिराचं कारण, पालकाची सही. पेन वहीला सुतळीने बांधलेलं. सुतळी इतकी आखूड की सही करताना सगळ्या बापांना कमरेत वाकावंच लागतं. ही योजना कुणाची, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ही वही मात्र वाचण्यासारखी आहे. 'फाटक.' 'नळ.' 'गॅस संपला.' 'म्हैस सुटली.' 'मुलगा उठला नाही', हे एका शिक्षकाच्याच अक्षरात. एका आईने 'मुलाचे वडील' एवढंच लिहून सही केलीय, आणि त्याहून पूर्ण कारण मी आजवर वाचलेलं नाही. पण गर्दीच्या दिवशी कुणाला एवढं सुचत नाही. पहिला जे लिहील त्याच्याखाली बाकीचे 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होतात. फाटक असेल तर खपून जातं. एकदा पावसाळ्यात रांगेत सर्वात पुढे असलेल्या गृहस्थाने घाईघाईत लिहिलं, 'पत्नी बाळंत झाली.' खाली आम्ही सगळे वरीलप्रमाणे. दुपारी वर्गशिक्षिकांनी पालकांच्या ग्रुपवर सर्वांचं नावानिशी अभिनंदन केलं. माझ्या बायकोने तो संदेश मला वाचून दाखवला आणि शांतपणे विचारलं, "पेढे कुठायत?"

ताईला फोनवर हे सांगितलं तर ती हसेचना. म्हणाली, "तुमचं बरंय, कारण तरी लिहायला मिळतं." तिकडे हजेरीपट बंद होण्याआधी पोचलं तर नुसता उशीर, बंद झाल्यावर पोचलं तर ते आख्खं सत्र विनापरवानगी गैरहजेरीत जमा. मालगाडी नाही, म्हैस नाही, वरीलप्रमाणे नाही.

आणि आता ताईच्या सख्ख्या भावाचं लग्न ठरलंय. दुसरी नोटीस म्हणजे सूट गेली, सरळ 640 पौंड. म्हणून तिने घरच्यांना आधीच बजावलं, मुहूर्त मुलांच्या सुट्टीतच धरायचा. मावसांनी मला गुरुजींकडे पाठवलं. गुरुजींनी पंचांग उघडून चष्मा लावला.

"कधी म्हणता सुट्टी?"

"हाफ टर्म. 25 ते 29 मे."

"अधिक ज्येष्ठ. 17 मे ते 15 जून, लग्न नाही."

"मग उन्हाळ्याची सुट्टी. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागते."

"25 जुलैला आषाढी एकादशी. देव झोपले." गुरुजींनी पान उलटलं. "चातुर्मासात गौणकाळातला काढता येतो, पण आपत्काल लागतो. काय आपत्काल आहे?"

मी जागेवरूनच ताईला फोन लावला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी हेच विचारलं होतं."

शेवटी तडजोड निघाली. लग्न जूनच्या अखेरीस होईल, ताई एकटीच येईल, मुलं दाजींपाशी राहतील. आणि मेच्या हाफ टर्ममध्ये सगळे मिळून येतील, कारण अधिक महिन्यात लग्न होत नसलं तरी जावयाला धोंड्याचं जेवण घालावंच लागतं. मावशीने तेहतीस अनारशांचं वाण आणि वर चांदीचा दिवा द्यायचं ठरवलंय. तसं तिने दाजींना कळवलंही. दाजींचं उलट टपाली उत्तर आलं: दिव्याची गरज नाही, मागचे 320 पौंड द्यावेत.

मावसांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एकवीस दिवसांत दिलं तर निम्म्यावर भागंल का?"