गाडी गचके खाते? चेन सोडून सगळं बघा

सकाळी साडेनऊला महाद्वार रोडवर तुमची शंभर सीसीची गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे. पुढं हातगाडी, मागं रिक्षा. रेस जरा सोडली की कुणीतरी मागून धरून ओढल्यागत होतं, जरा पिळली की गाडी बुजलेल्या खोंडासारखी उडी मारते. मागं बसलेल्या आईचं कपाळ तिसऱ्यांदा तुमच्या पाठीवर आपटलंय आणि अंबाबाईच्या ओटीचं ताट तिनं छातीशी घट्ट धरलंय. घाबरू नका. तुम्ही कोल्हापुरात आहात. इथं गचके खाणारी गाडी दारात असली, की लग्नाचा मुलगा घरात असल्यासारखंच असतं. येणारा-जाणारा काहीतरी सुचवून जाणारच.

तुम्ही फक्त एक पथ्य पाळा. खाली वाकू नका.

कारण खाली चेन आहे. ती काळी असते, वंगणात माखलेली असते आणि तिच्याकडं बघण्यात काडीची प्रतिष्ठा नाही. गाडीबरोबर मिळालेल्या बुकात लिहिलेलं असतं, की गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, चेनकव्हरच्या खालचं रबरी बूच काढा आणि बोटानं चेन वर-खाली करून बघा. बहुतेक छोट्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर झोल, म्हणजे सैलपणा, लागतो. मग चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी तेच करायचं, कारण चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती निघाली तर ती ताणून उपयोग नसतो, पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटसकट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांसकट, अख्खा सेटच बदलावा लागतो. आता इतकं सगळं वाचायचं कुणी? ते बुक शोरूमच्या पिशवीत, चावी घेताना काढलेल्या फोटोसोबत, कपाटात सुखरूप आहे. तिथंच राहू दे. आणि ते रबरी बूच कंपनीनं शोभेसाठीच दिलंय, असं धरून चाला.

गाडी घेऊन सरळ चहाच्या गाड्यावर जा. स्टँड लावताना नुसतं म्हणा, "फर्स्टला गचके मारतीया." बाकीचं काम आपोआप होतं.

पहिला सल्ला पुराचा येईल. आमच्याकडं २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं अर्ध्या गावाच्या गाड्या बुडवल्या, तेव्हापासून प्रत्येक बिघाडाचं मूळ पाण्यात सापडतं. "भावा, इंजिनात पाणी गेलंय. पुराचं." तुम्ही सांगाल की गाडी २०२२ ची आहे. त्यावर माणूस मिनिटभर विचार करेल आणि म्हणेल, "मग शोरूमवाल्यानं बुडालेली दिली असंल." याच्यापुढं वाद घालू नये.

दुसरा म्हणेल, कार्बोरेटर साफ कर. हा सल्ला देशातल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर मोफत मिळतो आणि जुन्या गाड्यांना तो बऱ्याचदा लागूही पडतो. रेस जेमतेम उघडलेली असते तेव्हा इंजिन जगतं ते कार्बोरेटरातनं पेट्रोल सोडणाऱ्या स्लो जेटच्या केसाएवढ्या भोकावर. महिनाभर गाडी उभी राहिली, पेट्रोल आटून त्यात चिकटा धरला, की खालच्या गिअरला गाडी अडखळणारच. पण तुमची गाडी २०२२ ची. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे नियम आल्यावर असल्या बहुतेक गाड्यांतनं कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. तरी नाही म्हणू नका. गाडी द्या. संध्याकाळपर्यंत कुणीतरी तुमच्या गाडीत नसलेला कार्बोरेटर स्वच्छ धुऊन देईल, आणि गचके निम्म्यानं कमी झाल्याचं तुम्हालाही जाणवेल.

तिसरा माणूस उद्यमनगरातला असतो. त्याच्याशी जपून बोला. ऑइल इंजिनं बनवणाऱ्या, फौंड्र्यांच्या या गावात लेथवर चार वर्षं काढलेला माणूस टायरच्या पंक्चरचंही निदान बोअर-पिस्टनपासून सुरू करतो. "इंजिन खोलाय लागतंय. खोलल्याशिवाय काय कळत न्हाय." बरोबरच आहे. खोकला आला म्हणून छाती उघडून बघायला कुणाची हरकत आहे?

दरम्यान घरी दाजी आलेले असतात. त्यांच्या चारचाकीचं सर्व्हिसिंग नुकतंच झालंय आणि डब्यात अर्धा लिटर ऑइल उरलंय. महागातलं आहे, वाया कशाला घालवायचं? घाला. दुचाकीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए, ही अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, असं लिहिलेलं ऑइल घालायचं असतं, आणि चारचाकीच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारा माल घातलेला असतो, हे दाजींना सांगायची तुमची टाप आहे का? ऑइलनं काम केलंच तर क्लच घसरेल. इंजिन बोंबलेल आणि गाडी जागची हलणार नाही. म्हणजे गचके गेले. दाजींना यश द्या आणि जेवायला थांबवून घ्या.

मधल्या काळात पिळण्यासारखा स्क्रू दिसेल तो पिळत राहा. गाडी मंद चालताना अडखळते ना, मग स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरायचा वेग, वाढवा. मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवायचं इंजिन दोन हजारावर उभं करा. आता पहिल्या गिअरला रेस न देताही गाडी आपली आपण चालते. सिग्नलला ती थांबायला तयार होत नाही, पण उत्साही गाडी वाईट कधीपासून झाली?

आता एका धोकादायक माणसाबद्दल सावध करतो. गंगावेशीकडच्या कुठल्यातरी बोळात एक म्हातारा मिस्त्री असतो. त्याच्या गॅरेजला बोर्ड नसतो, मशिनं नसतात, असतात फक्त दोन पाने आणि एक स्टूल. हा माणूस सल्ला देत नाही, उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो.

"दादा, गचका कधी बसतोय? रेस एका जागी धरल्यावर, का सोडताना-धरताना?"

तुम्ही इतके दिवस गाडी चालवताय, पण याकडं कधी लक्ष दिलेलं नाही. सांगा, "सारखाच बसतोय."

"क्लच पुरा दाबून धरला तर गाडी पुढं सरकती का?"

"मिस्त्री, मला क्लच प्लेटा टाकायच्यात."

"टाकू की. सरकती का?"

अशा माणसाचा संशय का घ्यायचा, ते समजून घ्या. रेस स्थिर धरूनही इंजिनाचा आवाज तुटत असेल तर तो प्लग, हवा, पेट्रोल बघतो. रेस सोडता-धरतानाच खाट करून गचका बसत असेल, तर इंजिनातनं चाकापर्यंत जाणाऱ्या वाटेत कुठंतरी झोल आहे म्हणतो. क्लच दाबूनही गाडी सरकत असेल तर क्लच पुरा सुटत नाही, केबलचा ढिलेपणा बघू म्हणतो. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळा हात हवा. रेसच्या मुठीलाही २ ते ६ मिलिमीटरच मोकळीक असावी. जास्त असली की हात आधी नुसता फिरतो आणि मग रेस एकदम चढते. हे सगळं तो गाडीला पाना न लावता, स्टुलावर बसून बोलतो. काही खोललं नाही, काही तुटलं नाही, आणि म्हणे निदान झालं!

पुढं त्याची मजल बघा. तो खाली वाकतो. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन चिमटीत धरून मागं ओढतो आणि दाखवतो, "बघा, अर्धा दात दिसतोय. चेन झिजलीया." मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवतो. चाक दोन बोटं हलतं, स्प्रॉकेट जागेवरच. "हबातले रबर गेल्यात." स्प्रॉकेट आणि चाकाच्या मधे धक्का गिळायला रबराचे ठोकळे असतात. ते दबले, चुरले, की इंजिनाची प्रत्येक लहर सरळ तुमच्या आईच्या कपाळापर्यंत पोचते.

आणि खालच्याच गिअरला का, हे विचारलंत तर तो तेही सांगेल. चार गिअरच्या शंभर सीसीच्या गाडीत मागचं चाक एकदा फिरायला पहिल्या गिअरला इंजिन तीसहून जास्त वेळा फिरतं, टॉपला दहा-बारा वेळा. जोर तितका वाढतो, तशी इंजिनाची आदळआपटही वाढते. सिलिंडर एकच, दोन फेऱ्यांत एकदा पेटणारा. टॉपला वेगाच्या रेट्यात झाकलं जातं ते पहिल्याला उघडं पडतं. हायवेला गाडी लोण्यासारखी पळते म्हणून ती धडधाकट आहे, असं शिरोलीपर्यंत जाऊन आलेला प्रत्येक जण शपथेवर सांगतो.

या मिस्त्रीचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे तो एका वेळी एकच गोष्ट करतो. "आधी रबर टाकतो. दोन दिवस चालवा, मग सांगा." दोन दिवस! आणि तेवढ्यात गचका गेलाच तर पुराचं पाणी, कार्बोरेटर, बोअर-पिस्टन आणि दाजींचं ऑइल यांनी तोंड कुठं लपवायचं? माणसं तोडायची का एका रबरासाठी?

म्हणून शहाण्या कोल्हापूरकरानं सगळं एकाच दिवशी बदलावं. प्लग, क्लच प्लेटा, दोन्ही केबली, एअर फिल्टर, हेड खोललंच आहे तर व्हॉल्व्ह, आणि जाता जाता चेन-सेट. गचका गेला तर कशानं गेला हे कुणालाच कळत नाही आणि सगळेच सल्लागार संध्याकाळी मिसळीवर तुमच्या पैशानं जिंकतात. नाही गेला, तर पुढच्या महिन्याचा विषय तयार असतो.

एक शंका चुकूनही मनात आणू नका. ती म्हणजे, गाडी नीट असेल आणि चालवणारा सेकंडला बैलगाडीच्या वेगानं रेस मारत-सोडत जात असेल. अशा गर्दीत पहिला गिअर टाकून क्लचवर बोट हलकं ठेवायचं, मूठ स्थिर धरायची, एवढंच असतं. पण ज्यानं पाचवीत असताना मामाची राजदूत चालवली, त्याला हे सांगणार कोण?

सगळं करून गचका उरलाच, तर गाडी विकायला काढा. जाहिरातीत लिहा, "सिंगल हँड, इंजिन काम नुकतंच केलेलं, पिकप नाद खुळा." गिऱ्हाईक ट्रायल मागणारच. त्याला महाद्वार रोडला नेऊ नका. गाडी आधीच टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन ठेवा आणि त्याला वर बोलवा. उतारावर रेस सोडून ठेवली की चेन एकाच बाजूनं ताणलेली राहते, झोल असला तरी खाट म्हणून वाजत नाही. तो खूश होऊन खाली पोचेल, तेव्हा त्याला पुन्हा वर चढवायला लावू नका. तिथंच चहा पाजा आणि इसार घ्या.