जुलैतला गारवा सूर्य लांब गेल्यामुळे नाही

"उद्या पहाटे 5.27 ला अफेलियन सुरू होतंय. 22 ऑगस्टपर्यंत पृथ्वी सूर्यापासून फार लांब राहील, थंडी वाढेल, सर्दी-खोकला, अंगदुखी होईल." हा मेसेज दर वर्षी फिरतो. तो वाचून माझ्या आईने पहाटेचं फिरणंच बंद केलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मेसेज म्हणतो, एरवी सूर्य 9 कोटी किलोमीटरवर असतो, आता तो 15.2 कोटींवर जाईल. दुसरा आकडा बरोबर, पहिला साफ चूक. शुक्रच मुळी सूर्यापासून 10.8 कोटी किलोमीटरवर फिरतो. आपण त्याच्याही आत कसे असू? आपलं अंतर जानेवारीच्या सुरुवातीला, उपसूर्य (सर्वांत जवळच्या) स्थितीत, 14.7 कोटी असतं आणि जुलैच्या सुरुवातीला, अपसूर्य (सर्वांत लांबच्या, म्हणजेच मेसेजमधल्या 'अफेलियन') स्थितीत, 15.2 कोटी. फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. बहुधा कुणीतरी 9.3 कोटी मैलांनाच किलोमीटर समजून बसलं.

अंतरावर ऋतू ठरत असते, तर सूर्य सर्वांत जवळ असतो त्या जानेवारीत निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागल्या नसत्या.

वेळही खोटी. अपसूर्य हा एक क्षण असतो. 2024 मध्ये तो 5 जुलैला सकाळी साडेदहाच्या सुमारास आला, 2025 मध्ये 4 जुलैला मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास. त्यानंतर अंतर कमीच होत जातं.

ऋतू घडवतो तो पृथ्वीचा साडेतेवीस अंशांनी कललेला आस. अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करा. 22 डिसेंबरला मुंबईत भर दुपारी तिची सावली 90 सेंटीमीटरहून लांब पडते. 15 मे आणि 28 जुलैच्या आसपास ती बुडाशीच गडप होते. म्हणजे मेसेजमधल्या 'थंडी'च्या दिवसांतच सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि दिवसही डिसेंबरपेक्षा सुमारे दोन तासांनी मोठा असतो. तरी गार वाटतं, कारण ढग ऊन अडवतात आणि पाऊस हवा निववतो.

राहिला आजारांचा मुद्दा, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. पावसाळ्यात पाणी साचतं, डास वाढतात, डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) याच महिन्यांत डोकं वर काढतात. दोन्हींत ताप येतो, अंग ठणकतं. ते 'अफेलियनचं' म्हणून काढा पीत घरी थांबलं, तर उपचाराचे दिवस हातचे जातात. आईला तेवढंच बजावलंय: ताप आला तर आधी डॉक्टर.