खुलासा: नॅनो युरियाची बाटली म्हणजे गोणी नव्हे

‘अर्धा लिटर नॅनो युरिया म्हणजे युरियाची एक गोणी’ असा मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही. नॅनो युरिया म्हणजे पिकाच्या पानांवर फवारायचं द्रव खत. हिशेब करून बघा: 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20 किलोंहून जास्त नत्र (नायट्रोजन) असतं. 2021 साली आलेल्या, 4 टक्के नत्राच्या अर्ध्या लिटरच्या नॅनो बाटलीत जेमतेम 20 ग्रॅम! लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचणीत, शिफारशीच्या खतमात्रेच्या तुलनेत नॅनो युरियावर गव्हाचं उत्पादन 21.6 टक्के आणि भाताचं 13 टक्के घटलं. दाण्यातलं नत्रही उतरलं. तेव्हा कृपा करून या मेसेजच्या भरवशावर खताचा हप्ता चुकवू नका.

‘मातीतले जिवाणू वाढतात’ हेही त्यातच लिहिलंय. फवारा तर पानांवर बसतो. जिवाणूंचं खरंखोटं मुळांजवळची माती तपासूनच ठरतं.